ओलावा हवा, ओलावा नको

इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला. हवा कोरडी पडली की सूत तुटते, हे मागावर काम करणाऱ्याला पुस्तकाशिवाय कळते. कापसाचा धागा दमट असताना अधिक बळकट असतो. म्हणून विणकामाला ओलसर हवा लागते.

त्याच सुमारास अमेरिकेत हवेतल्या ओलाव्याचा प्रश्न दोन बाजूंनी सोडवला जात होता. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे. १९०२ साली विलिस कॅरियर यांनी थंड नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातले पाणी काढण्याची यंत्रणा आखली. कापडगिरण्यांचे अभियंते स्टुअर्ट क्रेमर यांना मात्र हवेत पाणी मिसळायचे होते. १९०६ साली त्यांनी या कामाला 'एअर कंडिशनिंग' असे नाव दिले. म्हणजे आज आपण गारव्यासाठी वापरतो तो शब्द मुळात कापडगिरणीतला!

मोटारीत ही यंत्रणा पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये आणली. तिच्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. गारवा नको असेल तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे! पुढे विद्युतचुंबकी क्लच आला आणि हे काम एका बटणावर होऊ लागले.

मागाला हवा असलेला ओलावा कॉम्प्रेसरचा मात्र शत्रू आहे. नळ्यांत पाणी राहिले तर प्रसरण झडपेच्या बारीक छिद्रात त्याचा बर्फ होतो. शिवाय आत आम्ले तयार होऊन धातू झिजतो. म्हणून नवा कॉम्प्रेसर बसवताना जाणता मेकॅनिक ओलावा शोषणारा ड्रायर आणि जोडांवरच्या रबरी कड्या बदलतो, ठरलेल्या जातीचे तेल मोजून घालतो आणि कॉम्प्रेसर हाताने काही वेळा फिरवून पाहतो. मग निर्वात पंप लावतो. ३० अंश सेल्सिअसला दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटरखाली गेला की पाणी उकळू लागते आणि वाफ होऊन बाहेर पडते. ही पायरी गाळली तरी गाडी त्या दिवशी गार होते. बिघाड नंतर दिसतो आणि दोष कॉम्प्रेसरला दिला जातो.

दुसरी चूक याहून मोठी, ती म्हणजे जुना वायू हवेत सोडून देणे. पूर्वीच्या आर-१२ सारख्या वायूंमुळे ओझोनचा थर विरळ होईल, हे मोलिना व रोलँड यांनी १९७४ साली दाखवले. १९८७ साली माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. त्यानंतर आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबाने तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता अडवतो. म्हणून तो यंत्राने गोळा करायचा असतो.

वर्गात हे करून पाहा. बिनसुईच्या सिरिंजमध्ये थोडे गरम पाणी घ्या, हवा बाहेर काढा, तोंड बोटाने घट्ट दाबा आणि दट्ट्या मागे ओढा. पाणी उकळताना दिसेल. दट्ट्या सोडला की उकळणे का थांबले, हे मुलांनाच विचारा.