ग्रिझलीची बाजू मांडणारा वक्ता : ईनॉस मिल्स आणि रानाचं जतन

आजचं व्याख्यान एका वक्त्याविषयी आहे. ईनॉस मिल्स हा अमेरिकन माणूस लेखक होता, निसर्ग-अभ्यासक होता, डोंगरातला वाटाड्याही होता. पण त्यानं जे काम उभं केलं, त्यातलं बरंचसं बोलून उभं केलं. गावोगावच्या सभागृहांत तो जंगलाविषयी बोलायचा. आणि एका अशा प्राण्याची बाजू त्यानं मांडली, की ज्याची बाजू घ्यायला त्या काळी फारसं कुणी तयार नव्हतं. तो प्राणी म्हणजे ग्रिझली अस्वल.

मिल्सचा जन्म १८७० चा, कॅन्ससमधल्या शेतकरी कुटुंबातला. तब्येत बरी नसायची, म्हणून चौदाव्या वर्षी तो कोलोरॅडोच्या डोंगरांत आला. तिथे लाँग्ज पीक या सुमारे ४,३४६ मीटर उंचीच्या शिखराच्या पायथ्याशी त्यानं लाकडी झोपडी बांधली. १८८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याला जॉन म्यूर भेटले. म्यूर तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, हा एकोणीस वर्षांचा. निसर्ग नुसता पाहू नकोस, त्याविषयी लिही, बोल, ही प्रेरणा मिल्सला म्यूर यांच्याकडून मिळाली. पुढे त्यानं हिवाळ्यात उंच डोंगरांत हिंडून बर्फाची खोली मोजण्याचं सरकारी काम केलं. वसंतात नद्यांना पाणी किती येणार, याचा अंदाज त्यावरून बांधत. बरोबर बंदूक नसायची. १९०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला वनांविषयीचा सरकारी व्याख्याता नेमलं.

आता ग्रिझलीची तेव्हाची परिस्थिती बघा. १८०० च्या सुमारास, अलास्का सोडून आजची जी अमेरिका आहे तिथे अंदाजे पन्नास हजार ग्रिझली होते, असं मानलं जातं. मग गुरं आली, मेंढ्या आल्या आणि त्यांच्यामागून सापळे, विष आणि बंदुका आल्या. कॅलिफोर्नियाचं उदाहरण तर विलक्षण आहे. त्या राज्यानं १९११ मध्ये ग्रिझलीचं चित्र असलेला झेंडा अधिकृत केला. त्यानंतर पंधरा वर्षांच्या आत राज्यातला शेवटचा ग्रिझली दिसेनासा झाला. झेंड्यावरचा तेवढा राहिला.

१९१९ मध्ये मिल्सचं ‘द ग्रिझली’ हे पुस्तक आलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : हा प्राणी बुद्धिमान आहे, कुतूहल असलेला आहे आणि शक्यतो माणसाला टाळणारा आहे. मिल्सनं दिवसच्या दिवस ग्रिझलीचा माग काढला होता, जॉनी आणि जेनी नावाची दोन पिल्लं वाढवली होती. तेव्हा हे ऐकीव ज्ञान नव्हतं. या अस्वलाला कायद्यानं संरक्षण द्या, अशी त्याची मागणी होती.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला इथे जरा थांबावंसं वाटतं. ग्रिझली क्रूर आहे हे लोकांना कसं कळलं होतं? शिकाऱ्यांकडून. म्हणजे कुत्र्यांनी घेरलेलं, गोळी लागलेलं, पिल्लांमागे उभं राहिलेलं अस्वल जसं वागतं, तो त्याचा स्वभाव म्हणून नोंदला गेला. आपण एखाद्याला ज्या परिस्थितीत गाठतो, ती परिस्थिती आपण निर्माण केलेली आहे हे विसरतो आणि निष्कर्ष मात्र त्याच्यावर लादतो. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो, नाही का? मिल्सनं केलं ते एवढंच की पाहण्याची परिस्थिती बदलली. बंदूक घरी ठेवली, आणि त्याला वेगळं अस्वल दिसलं.

पण नुसतं मत बदलून भागतं का? खरी कसोटी जमिनीवर लागते. १९०९ पासून मिल्सनं लाँग्ज पीकच्या परिसरात राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून मोहीम चालवली. मूळ कल्पना सुमारे १,००० चौरस मैलांची होती. खाणवाले, गुरं चारणारे, लाकूडवाले यांचा विरोध झाला, खुद्द वनखात्याशीही खटके उडाले. अखेर २६ जानेवारी १९१५ रोजी रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानाच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष विल्सन यांची सही झाली, तेव्हा क्षेत्र उरलं होतं सुमारे ३५८ चौरस मैल. म्हणजे जवळपास एकतृतीयांश.

याच मोहिमेच्या काळात आणखी एक गोष्ट घडली. जुलै १९१४ मध्ये तिथल्या गिर्यारोहकांच्या संस्थेनं अरापाहो जमातीच्या दोन वृद्धांना या डोंगरांत बोलावलं. कशासाठी? तर शिखरांची, वाटांची जुनी नावं सांगायला. अरापाहोंना तोवर वायोमिंगमधल्या राखीव भागात हलवून पस्तीसेक वर्षं झाली होती. ज्या जागेला ‘निर्मनुष्य रान’ म्हणून जपायचं होतं, तिथल्या प्रत्येक वळणाला नाव होतं. नावं ठेवणारी माणसं तेवढी तिथे राहू दिली नव्हती. रानाच्या जतनाचा इतिहास सांगताना हे पान वगळून चालणार नाही.

मग ग्रिझलीचं काय झालं? मिल्स १९२२ मध्ये, बावन्नाव्या वर्षी गेला. उद्यान आजही आहे, दरवर्षी लाखो लोक तिथे जातात. ग्रिझली मात्र तिथे नाही. कोलोरॅडोतून तो संपला असंच धरून चालले होते. १९७९ मध्ये राज्याच्या दक्षिणेला, सॅन वान डोंगरांत एका शिकारी वाटाड्याची एका म्हाताऱ्या मादीशी झटापट झाली आणि ती त्याच्या हातून मारली गेली. त्यानंतर कोलोरॅडोत ग्रिझली असल्याचा खात्रीशीर पुरावा मिळालेला नाही.

एका प्रौढ नराचा वावर कित्येकशे चौरस किलोमीटरचा असतो. ३५८ चौरस मैल म्हणजे साधारण ९३० चौरस किलोमीटर. माणसाला फिरायला ही जागा प्रचंड वाटते, पण एवढ्यात ग्रिझलींची पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशी वस्ती मावत नाही. शिवाय उद्यान होईपर्यंत तिथले ग्रिझली जवळपास संपलेच होते. आणि उद्यानाबाहेर कुंपणापलीकडे बंदूक होतीच.

याउलट यलोस्टोन बघा. १८७२ चं हे उद्यान बरंच मोठं, आणि भोवती डोंगराळ वनप्रदेश. तिथे ग्रिझली टिकला. पण तिथेही एक वेगळीच अवहेलना चालू होती. हॉटेलांचा उष्टा-खरकटा कचरा एका जागी टाकायचा, समोर बाकांच्या रांगा मांडायच्या आणि कचरा खाणारी अस्वलं बघायला प्रवाशांना बसवायचं! उघड खेळ दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास थांबले, कचऱ्याचे ढीग मात्र राहिले. १९६७ च्या ऑगस्टमध्ये ग्लेशियर उद्यानात एकाच रात्री दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन तरुणी ग्रिझलींच्या हल्ल्यात मरण पावल्या. माणसांच्या अन्नाची सवय हे त्यामागचं मोठं कारण होतं. १९७० च्या सुमारास यलोस्टोनचे ढीग बंद झाले. हे हळूहळू करा, असं अस्वलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलेले क्रेगहेड बंधू सांगत होते. ते ऐकलं गेलं नाही, आणि अन्नासाठी वस्तीत शिरलेली अनेक अस्वलं मारली गेली. १९७५ मध्ये ग्रिझलीला कायद्याचं संरक्षण मिळालं, तेव्हा अलास्का वगळता देशात हजारापेक्षा कमी उरले होते. आज ते सुमारे दोन हजार आहेत, मुख्यतः यलोस्टोन आणि ग्लेशियरच्या आसपास. १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्यानं जपलेली मोठी, रस्ते नसलेली राखीव क्षेत्रं याच दोन उद्यानांना लागून आहेत. हा योगायोग नाही.

माझा मुद्दा इतकाच आहे. अस्वलाविषयी प्रेम वाटणं आणि अस्वलाला जागा सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट एका चांगल्या व्याख्यानानं होऊ शकते. दुसरीसाठी आपल्याला काहीतरी सोडावं लागतं : रस्ता, कुरण, खाण, आणि थोडी निर्धास्तीसुद्धा. शिवाय ती किंमत कोण मोजतं, हेही विचारावं लागतं. अरापाहोंनी ती मोजली, सभागृहातल्या श्रोत्यांनी नाही.

आपल्या विदर्भातही उन्हाळ्याच्या तोंडाला पहाटे मोहफुलं वेचायला माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली येतात. तिथे जखमी होते ती फुलं वेचणारी बाई. अस्वल वाचवा म्हणणारे आपण शहरात असतो. म्हणून मिल्सचं ऐकताना टाळ्या वाजवण्याआधी स्वतःला विचारावं : या अस्वलासाठी मी काय सोडायला तयार आहे, आणि माझ्या वाट्याचं दुसऱ्या कुणाला तर सोडायला लावत नाही ना?

इथे थांबतो.