पापणीतला भाडेकरू

दिवसभर कोड लिहून डोळे चुरचुरायचे आणि मी स्क्रीनला शिव्या घालायचो. डॉक्टरांनी मात्र आधी पापण्यांची मुळं तपासली. आजची गोष्ट तिथूनच सुरू झाली.

१६६६ साली हाइनरिश माइबोम या जर्मन डॉक्टरांनी पापणीच्या कडेच्या तेलग्रंथींचं नीट वर्णन केलं. मिसळीच्या रश्श्यावर तर्री असते ना, तसं हे तेल अश्रूंवर पसरतं. म्हणून अश्रू लगेच उडून जात नाहीत.

१८४२ मध्ये बर्लिनच्या गुस्ताव सिमोन यांना चक्क मुरुमांत एक जीव दिसला. कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा, मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा. पुढच्याच वर्षी रिचर्ड ओवेन यांनी त्याला 'डेमोडेक्स' नाव दिलं.

मग १९६३ साली सोव्हिएत संशोधक अकबुलातोवा यांनी दाखवलं की माणसावर याच्या दोन जाती राहतात. लांबोडी केसांच्या मुळाशी, तर आखूड थेट तेलग्रंथीत!

बहुतेक मोठ्या माणसांवर हे माइट असतात आणि काही त्रास देत नाहीत. पण संख्या वाढली की ग्रंथीचं तोंड बुजू शकतं, पापणी सुजते, तेल कमी पडतं आणि डोळे कोरडे होतात.

यावरच्या पहिल्या खास औषधाला अमेरिकेत मंजुरी कधी मिळाली? जुलै २०२३ मध्ये! ग्रंथी कळून साडेतीनशे वर्षं झाली होती.

तेव्हा डोळे चुरचुरले तर घरगुती प्रयोग नकोत. डॉक्टरांना सांगा, पापण्याही बघा.