१४. महाकायांचे दालन

इटलीतील मांतुआ येथील पालाझ्झो ते या प्रासादातील खोली. मांतुआचा सत्ताधीश फेदेरीको दुसरा गोंझागा याच्यासाठी राफाएलचा शिष्य जूलिओ रोमानो याने १५२५ च्या सुमारास हा प्रासाद उभारायला घेतला. या खोलीतील भित्तिचित्रे १५३२ ते १५३५ मधली. योजना जूलिओची, रंगकाम बरेचसे रिनाल्दो मांतोवानो आदी सहायकांचे. कथा रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसेस'मध्ये येते : पर्वतावर पर्वत रचून महाकाय ऑलिम्पसवर चढू पाहतात, देवराज ज्युपिटर वज्र फेकतो आणि ते डोंगर त्यांच्याच अंगावर कोसळतात. इथे भिंत सापडत नाही, कारण कोपरे गोलसर करून चित्र जमिनीजवळून थेट छतापर्यंत अखंड नेले आहे; चौकटच नसल्यामुळे पाहणारा त्या पडझडीच्या मधोमध उभा राहतो. पूर्वी इथे शेकोटीही होती. तिच्या ज्वाळांत महाकाय खरेच जळताहेत असे वाटे, असे कलावंतांचा चरित्रकार व्हासारी याने नोंदवले आहे. गरुड हा ज्युपिटरचा पक्षी, छतावर त्याच्या रिकाम्या सिंहासनाशी रंगवलेला. गरुड हेच पवित्र रोमन साम्राज्याचेही चिन्ह होते आणि सम्राट पाचव्या चार्ल्सने १५३० मध्ये फेदेरीकोला ड्यूक केले होते. म्हणून ज्युपिटरमध्ये सम्राट पाहण्याचा अर्थ पटण्याजोगा आहे. मात्र चिरडल्या जाणाऱ्या महाकायांचे भेदरलेले चेहरे इतक्या जिव्हाळ्याने रंगवले आहेत, की निव्वळ राजस्तुती म्हणून हे चित्र वाचणे अपुरे ठरेल.