चिखलात हात घालण्याआधी

खाडीचे पाणी बाटलीत भरायला दोन मिनिटे लागतात. म्हणूनच की काय, पाण्याचे अहवाल आपल्याकडे ढिगाने निघतात आणि तळाच्या गाळाची चौकशी क्वचित होते. भरती-ओहोटीच्या खाडीत पाणी तासातासाला बदलते. रात्री कुणी काय सोडले, ते सकाळच्या बाटलीत सापडेलच असे नाही. जड धातू आणि तेलकट रसायने मात्र चिखलाच्या बारीक कणांना चिकटून खाली बसतात. जपानच्या मिनामाता इथे कारखान्यातून उपसागरात जाणारा पारा १९६८ मध्ये थांबला, पण आधी गेलेला पारा तळातच होता. तो गाळ उपसून भरावाखाली गाडण्याचे काम १९७७ ते १९९० असे चालले.

हे पुस्तक त्या तळाविषयी आहे. विद्यार्थी ते हातात घेतील तेव्हा बहुतेकांची नजर आधी प्रयोगशाळेच्या प्रकरणांकडे जाईल, कारण महागडी यंत्रे तिथे आहेत. माझी विनंती आहे की होडीवरचे प्रकरण आधी वाचा. होडीत बिघडलेला नमुना कोणतेही यंत्र दुरुस्त करत नाही.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. सुरुवातीच्या दिवसांत ठाणे खाडीत व्हान व्हेन ग्रॅब सोडत होतो. दोन जबड्यांचे हे साधे लोखंडी यंत्र. तळाला टेकले की आकडी सुटते, दोर ओढला की जबडे मिटतात. त्या दिवशी जबड्यांत एक शिंपला अडकला होता आणि बोटभर फट राहिली होती. वर येईपर्यंत त्या फटीतून पाणी गळत राहिले. मी उरलेले डब्यात भरले आणि वहीत वेळ लिहिली. होडीचा तांडेल शांतपणे म्हणाला, “साहेब, हा चिखल धुऊन आलाय.” मी ऐकले नाही. पुढे त्या जागेचे धातूंचे आकडे इतके कमी आले की खाडीचा तो कोपरा निर्मळ ठरला असता. धातू ज्या बारीक कणांवर बसतात, तेच फटीतून गेले होते.

चांगला नमुना ओळखता येतो. ग्रॅबचे झाकण उघडल्यावर गाळावर थोडे नितळ पाणी हवे आणि पृष्ठभाग न मोडलेला हवा. वर तपकिरी साय दिसते, तिच्याखाली काळा चिखल आणि सडक्या अंड्याचा वास. ती साय किती जाड आहे, यावरून तळापर्यंत प्राणवायू किती पोचतो याचा अंदाज येतो. म्हणून ढवळण्याआधी पट्टीने मोजा. लोखंडाला टेकलेला भाग सोडून मधला गाळ घ्या. धातूंसाठी प्लास्टिकचा चमचा आणि डबा, तेलकट रसायनांसाठी स्टीलचा चमचा आणि काचेची बरणी. बरणी काठोकाठ भरून लगेच बर्फात ठेवा. काळ्या चिखलातले सल्फाइड हवेशी गाठ पडताच बदलू लागतात आणि त्यांनी धरून ठेवलेले धातू सुटे होतात.

थरांचा इतिहास हवा असेल तर ग्रॅब पुरत नाही, नळीने उभा गाभा काढावा लागतो. किरणोत्सारी शिसे-२१० चे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षांचे; त्याच्या आधारे थर न विस्कटलेल्या गाभ्यात साधारण शंभर वर्षे मागे जाता येते. ज्या खाडीत वाळू उपसली जाते तिथे मात्र हा खटाटोप करू नये.

आता आकड्यांविषयी, कारण भांडणे तिथेच होतात. एडवर्ड लाँग आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या माहितीवरून गाळातल्या रसायनांसाठी काही मर्यादा सुचवल्या. तांब्याची खालची मर्यादा किलोमागे ३४ मिलिग्रॅम. आपल्याकडे ती जशीच्या तशी लावणारे अहवाल मी पाहिले आहेत. सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टातच तांबे सहसा किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर असते. त्या दगडाची झीज होऊन बनलेला कोकणातला गाळ कोणत्याही कारखान्याविना या परीक्षेत नापास होईल. म्हणून आकडा ॲल्युमिनियमच्या प्रमाणात मांडायचा, कणांचा आकार सांगायचा आणि त्याच खाडीच्या खोल, जुन्या थराशी तुलना करायची. हे न करता दिलेला ‘प्रदूषित’ असा शेरा मी तरी मानत नाही.

नुसत्या रसायनांवर विसंबूनही भागत नाही. १९८५ मध्ये लाँग आणि पीटर चॅपमन यांनी अमेरिकेतल्या प्यूजेट साउंडच्या अभ्यासात तीन साक्षी एकत्र आणल्या: गाळात काय आहे, त्या गाळात ठेवलेले जीव जगतात का, आणि त्या तळावर मुळात कोण राहते. तिसरी साक्ष आपल्या किनाऱ्यावरच्या बायका शास्त्रज्ञांच्या आधीपासून देत आल्या आहेत. तिसऱ्या (शिंपल्या) कुठे मिळेनाशा झाल्या, निवट्या (चिखलातले मासे) कुठल्या चिखलातून गेल्या, हे त्यांना विचारा आणि नमुन्याच्या जागा ठरवताना नोंदवून ठेवा.

पुस्तक मिटल्यावर भांगाचा दिवस बघून होडीत बसा. प्रवाह तेव्हा मंद असतो, ग्रॅब सरळ उतरतो. वर आलेला चिखल धुतलेला वाटला तर टाकून द्या आणि दोर पुन्हा सोडा. तांडेल कुरकुरणार नाही.