पुनरुज्जीवित चित्रपटांची चित्रगुणवत्ता

जीर्ण, खंडित वा रंग उडालेल्या जुन्या चित्रपटांच्या फिती दुरुस्त करून त्यांच्या नव्या प्रती काढणे व त्या प्रती घरगुती पाहणीसाठी चकतीवर वा अन्य माध्यमातून उपलब्ध करून देणे, याला सामान्यतः चित्रपटांचे पुनरुज्जीवन असे म्हणतात. अशी प्रत चांगली की वाईट हे ठरविताना चित्र किती स्वच्छ व झगझगीत दिसते याकडेच बहुधा लक्ष दिले जाते. वस्तुतः ही कसोटी अपुरी व कित्येकदा फसवी आहे. मूळ चित्रपट प्रथम पडद्यावर आला तेव्हा कसा दिसत असला पाहिजे आणि पुढे आलेली प्रत त्याच्याशी कितपत इमान राखते, हा खरा प्रश्न होय. महाराष्ट्रात या प्रश्नाला विशेष धार आहे. भारतीय चित्रपटाच्या आरंभीच्या कृती येथेच निर्माण झाल्या, येथेच त्यांचा संग्रह झाला आणि त्यांपैकी पुष्कळांच्या मूळ प्रती येथेच नष्टही झाल्या.

दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. त्याची पहिली व शेवटची एवढीच रिळे आज उपलब्ध आहेत आणि तीही १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीतील असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. कालियामर्दन (१९१९) हा चित्रपट त्यामानाने बराच सलग राहिला आहे. नंतरच्या काळात १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेली व १९३३ मध्ये पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी मराठी बोलपटाचे वैभव ठरली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर व सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे भागीदार. तिच्या संत तुकाराम (१९३६) या चित्रपटाचा १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरव झाला. प्रभातच्याच वास्तूत १९६० मध्ये शासनाची फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर (मृत्यू २०१६) यांनी सु. तीन दशके खपून तेथे जुन्या चित्रपटांचा संग्रह उभा केला. फाळके यांची उरलीसुरली रिळे आज पाहता येतात, याचे मोठे श्रेय त्यांच्याकडे जाते.

८ जानेवारी २००३ रोजी या पुण्यातील संस्थेच्या आवारातील नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली. शेकडो चित्रपटांची रिळे तीत जळाली. फाळके व प्रभात यांच्या चित्रपटांच्या मूळ नायट्रेट प्रतीही त्यांत होत्या. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपट सेल्युलोज नायट्रेटच्या फितीवर घेतले जात. ही फीत अत्यंत ज्वालाग्राही असून एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. ज्या चित्रपटांच्या ॲसिटेट फितीवरील प्रती आधीच काढून ठेवल्या होत्या, तेच पुढच्या पिढीच्या हाती आले. त्यामुळे या चित्रपटांच्या बाबतीत आज जो परीक्षक ‘मूळ’ या शब्दाचा उपयोग करतो, त्याच्या डोळ्यासमोर बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या पिढीची प्रत असते.

पिढ्यांचा हा हिशेब समजल्याशिवाय चित्राची पारख होत नाही. कॅमेऱ्यातून निघालेली निगेटिव्ह ही पहिली पिढी. तिच्यावरून सूक्ष्मकणी पॉझिटिव्ह, तिच्यावरून दुय्यम निगेटिव्ह आणि तिच्यावरून चित्रपटगृहात फिरणाऱ्या प्रती निघतात. प्रत्येक पायरीला बारकावा कमी होतो, छायांतील तपशील बुजतो व प्रकाशातील भाग पांढरेफटक पडतात. चकती कोणत्या पिढीवरून तयार केली, हे वेष्टनावर क्वचितच सांगितलेले असते. पण चित्रच ते सांगते. दर रिळाच्या अखेरीस उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर गोल ठिपका चमकून गेला, तर तो प्रक्षेपकाच्या चालकाला रीळ बदलण्याची सूचना देणारा ठिपका होय आणि चकती बहुधा चित्रपटगृहातील प्रतीवरून काढलेली आहे. डागांचा रंगही बोलका असतो. निगेटिव्हवर बसलेली धूळ प्रकाश अडविते, म्हणून छापील प्रतीत पांढरे ठिपके उमटतात. खुद्द प्रतीवरील धूळ व घाण काळी दिसते. पडद्यावर पांढरे व काळे असे दोन्ही डाग एकत्र दिसत असतील, तर त्या चित्रपटाला दोन वेगवेगळ्या काळी इजा झाली, असे समजण्यास हरकत नाही.

काही उणिवा मात्र उणिवा नसतातच. मूकपटांच्या काळातील फीत तांबड्या रंगास जवळजवळ आंधळी व निळ्यास अतिसंवेदनशील होती. त्यामुळे फाळक्यांच्या काळातील चित्रांत आकाश कोरे पांढरे व तांबड्या वस्तू काळपट दिसतात. देवगडच्या किल्ल्याचा जांभा दगड त्या फितीवर घेतला असता, तर तो काळसर आणि त्यामागचे समुद्रावरील निळे आकाश ढगांसकट पुसून टाकल्यासारखे उमटले असते. अशा आकाशात यंत्राच्या साहाय्याने करडी छटा भरणे हे पुनरुज्जीवन नव्हे. सर्व वर्णांस संवेदनशील असलेली फीत १९२० नंतरच्या दशकात प्रचारात येऊ लागली. रंगाबाबतही हेच म्हणता येईल. प्रभातने सैरंध्री (१९३३) या चित्रपटाच्या रंगीत प्रती जर्मनीत करवून घेतल्या. तो प्रयोग फसला. ही कृती उद्या कोणी रंगांत उभी करू म्हणेल, तर तिचे फसलेले रंग दाखवावयाचे की अभिप्रेत असलेले, याचा निर्णय त्याला करावा लागेल.

घरगुती माध्यमांचा इतिहासही चित्रगुणवत्तेत उमटलेला आहे. १९८० नंतर व्हिडिओ कॅसेट आली. पुढे १९९० च्या दशकाअखेर भारतात व्हीसीडी स्वस्त झाली आणि जुने मराठी चित्रपट प्रथमच पुष्कळ घरांत पोचले. प्रभातचे चित्रपटही पुढे चकत्यांवर आले. व्हीसीडीचे चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे व एका चकतीवर सु. ७४ मिनिटे मावणारे. त्यामुळे चित्रपट दोनतीन चकत्यांत विभागला जाई आणि गर्दीच्या वा वेगवान दृश्यांत चित्राचे चौकोनी तुकडे पडत. डीव्हीडीने बिंदूंची संख्या ७२० × ५७६ वर नेली व ब्ल्यू-रेने १,९२० × १,०८० वर. तथापि माध्यम सुधारले म्हणून मूळ प्रत सुधारत नाही. कॅसेटसाठी केलेलेच चित्रांतरण पुढे डीव्हीडीवर घातल्याची उदाहरणे कमी नाहीत. अशा चकतीवर फितीच्या ओरखड्यांबरोबर कॅसेटचे दोषही जपले गेले. चित्राच्या कोपऱ्यात विक्रेत्याचे बोधचिन्ह कायमचे कोरून ठेवण्याची आपल्याकडील रूढी तर पुनरुज्जीवनाच्या कल्पनेची थट्टाच होय.

वेगाचा दोष डोळ्यांपेक्षा कानांना अधिक जाणवतो. बोलपट सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने घेतला जातो, तर भारतातील पाल पद्धतीची दूरचित्रवाणी सेकंदाला २५ चित्रे दाखविते. सोपा उपाय म्हणून चित्रपट ४ टक्के वेगाने चालविला जातो. दोन तासांचा चित्रपट सु. पाच मिनिटांनी आखूड होतो आणि स्वर एका अर्धस्वरापेक्षा थोडा कमी एवढा वर चढतो. संत तुकारामसारख्या, केशवराव भोळे यांच्या संगीतावर व विष्णुपंत पागनीस यांच्या आवाजावर उभ्या असलेल्या चित्रपटात हा फरक क्षुल्लक नव्हे. मूकपटांची गत याहून वाईट होते. सेकंदाला १६ ते १८ चित्रांच्या वेगाने घेतलेला चित्रपट २४ च्या वेगाने दाखविला की माणसे बाहुल्यांसारखी तुरुतुरु धावतात. मूकपट म्हणजे हास्यास्पद हालचाली, असा जो समज रूढ झाला त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

चौकटीचाही विचार करावयास हवा. त्या काळातील बोलपटांच्या चौकटीची रुंदी उंचीच्या सु. १.३७ पट असे. आजच्या रुंद दूरचित्रवाणी संचावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडून ती तशीच दाखविणे योग्य ठरते. पट्ट्या नकोत म्हणून चित्र ताणले तर माणसे बुटकी व स्थूल होतात आणि वरखाली कापले तर पगड्या व पावले जातात. फत्तेलालांसारख्या कलादिग्दर्शकाने चौकटीचा प्रत्येक कोपरा विचारपूर्वक भरलेला असता, तो कापणे हे चित्रकाराचे चित्र चौकटीत बसावे म्हणून कातरण्यासारखे आहे.

अलीकडच्या संगणकीय पुनरुज्जीवनात धोका उलट्या बाजूने येतो. फितीवरील चित्र रूप्याच्या सूक्ष्म कणांचे बनलेले असते व ते कण म्हणजेच चित्र होय. संगणकाला कण व घाण यांतील भेद नेहमीच कळत नाही. कण पुसले की चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात, कापडाचा पोत जातो, आणि वेगाने हलणारी वस्तू — उडणारा पक्षी, भिरकावलेले फूल — ओरखडा समजून पुसली जाते. कडा उठावदार करण्याच्या हव्यासाने आकृतींभोवती पांढरी वलये उमटतात. तुकोबांच्या वैकुंठगमनासारख्या करामतीच्या दृश्यांत चित्रांचे सांधे अधिक स्पष्ट दिसू लागतात. ते झाकावे असा मोह होतो. परंतु त्या काळातील तंत्राची मर्यादा व तिच्यावर मिळविलेला विजय या दोन्ही गोष्टी त्या सांध्यांतच नोंदलेल्या आहेत. १९६० च्या मुघल-ए-आझमला २००४ मध्ये संपूर्ण रंग देण्यात आला, तेव्हा लोकांनी गर्दी केली. ती नवी कृती म्हणून पाहावी, पुनरुज्जीवन म्हणून नव्हे.

प्रामाणिक कामाचा नमुना म्हणून सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीकडे बोट दाखविता येते. तिच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडन येथील प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या. पुढे बोलोन्या येथील तज्ञांनी ठिसूळ झालेली फीत पुन्हा ओलसर करून, कडेची छिद्रे हाताने दुरुस्त करून पथेर पांचालीचा सु. ४० टक्के व अपराजितोचा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून वाचविला. उरलेला भाग व अपूर संसार हे दुय्यम प्रतींवरून घेण्यात आले. हे काम २०१५ मध्ये पूर्ण झाले. कोणता भाग कोठून घेतला हे जाहीर केले असल्याने चित्रातील चढउतार पाहणाऱ्यास समजून घेता येतात.

फितींचा शत्रू केवळ आग नाही. ॲसिटेट फीत उष्ण व दमट हवेत विघटन पावू लागते, तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ती आकसते व वळते. रंगीत फितीतील निळसर रंगद्रव्य आधी उडते आणि सारे चित्र गुलाबी पडते. म्हणून रंगीत फिती कोरड्या व गोठणबिंदूच्या जवळपासच्या थंडीत ठेवतात. देवगड, मालवण, वेंगुर्ले या किनारपट्टीवर पावसाळ्याचे चार महिने खारी, दमट हवा असते. तेथील घराघरांतील व्हिडिओ कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी धरली नाही तरच नवल. लग्नमुंजींच्या चित्रणांबरोबर जुन्या चित्रपटांच्या कित्येक प्रतीही अशाच गेल्या. याच कोकणच्या मातीतील श्यामची आई (१९५३) या प्र. के. अत्रे यांच्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. त्याची पुनरुज्जीवित प्रत २०२३ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आली.

पुण्याचे संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेखाली सु. २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. संख्या मोठी असली, की प्रत्येक चित्रपटाच्या उपलब्ध प्रती शोधून, त्या शेजारी शेजारी लावून त्यांतील सर्वोत्तम निवडण्यास लागणारा वेळ प्रथम कापला जातो. श्याम बेनेगल यांच्या मंथन (१९७६) या चित्रपटाच्या कामात चित्र निगेटिव्हवरून व ध्वनी एका जतन केलेल्या प्रतीवरून घ्यावा लागला. २०२४ मध्ये तो कान येथे दाखविण्यात आला. एकाच चित्रपटाचे चित्र एका ठिकाणी व आवाज दुसऱ्या ठिकाणी सापडावा, ही भारतीय चित्रपटांच्या बाबतीत अपवादात्मक गोष्ट नाही.