पदावरची बारीक ओळ : किर्लोस्करांच्या नाटकांकडे वळताना

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटकांचा अभ्यास करायचा म्हटले की पहिली अडचण येते ती ही, की हाती नुसते शब्द लागतात. व्हेर्दीच्या ऑपेराचा अभ्यासक स्वरलिपी उघडून बसतो. आपल्याकडे पदाच्या डोक्यावर 'चाल' असे छापून एखाद्या जुन्या गाण्याचे पहिले दोन-चार शब्द दिलेले असतात, तेवढ्यावर भागवायचे. बहुतेक वाचक ही बारीक ओळ ओलांडून थेट पदावर जातात. या वाटेने नव्याने येणाऱ्यांना माझे पहिले सांगणे एवढेच, की आधी ती ओळ वाचा.

तिथे साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, ओवी अशी कीर्तनात आणि घराघरांत मुरलेली मंडळी भेटतील. लावणी भेटेल, रागदारीतल्या चिजा भेटतील, आणि कानडी गाणीही. अण्णासाहेबांचा जन्म 31 मार्च 1843 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. कानडी सूर त्यांना परका नव्हता. पारशी नाटक मंडळीचे 'इंद्रसभा' पाहून त्यांना संगीत नाटकाची कल्पना सुचली, ही गोष्ट तुम्हाला पुस्तकापुस्तकांतून वाचायला मिळेल. मिळू दे. चालींच्या ओळी मात्र त्याहून पुष्कळ जुन्या आणि जवळच्या घरांकडे बोट दाखवतात.

मग अण्णासाहेबांनी स्वतःचे काय केले? त्यांच्या जन्माच्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा गाणे सूत्रधाराकडे होते. तो गाई आणि पात्रे आयत्या वेळी सुचेल ते बोलत. अण्णासाहेबांच्या 'शाकुंतला'त दुष्यंत स्वतः गाऊ लागला, कण्व गाऊ लागला, आणि पदांची संख्या दोनशेच्या घरात गेली. साकी-दिंडीत कथा पुढे सरकते. रागाची चाल आली की पात्र तिथे थबकते आणि मनातले बोलते. कुठे सरकायचे आणि कुठे थबकायचे हे ठरवणे मला संगीतरचनेचेच काम वाटते. त्यांना 'दुसऱ्यांच्या चालींवर पदे बांधणारे' म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझे म्हणूनच जमत नाही.

31 ऑक्टोबर 1880 च्या रात्री पुण्यात बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतला'चे पहिले चारच अंक झाले. चौथा अंक म्हणजे शकुंतलेची पाठवणी. सात अंकी नाटकाचा तो पहिला प्रयोग लेक सासरी निघते तिथेच थांबला, आणि पुणेकरांना त्यात काही उणे वाटले नसावे. त्याच वर्षाच्या 1 जानेवारीला न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले होते. प्रयोगानंतर दोन महिन्यांनी 'केसरी' निघायचा होता. नाटक बसवणारे अण्णासाहेब स्वतः रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला. कचेरी, शाळा, छापखाना आणि नाटकगृह हे सगळे एकाच गावातल्या माणसांचे उद्योग होते, हे विसरून या नाटकांकडे नुसते 'पौराणिक' म्हणून पाहू नये.

'सौभद्र' वाचताना तर मुळीच नाही. 1882 च्या नोव्हेंबरात त्याचेही पहिले तीन अंक आधी रंगभूमीवर आले. त्याच वर्षी जुलैत बायरॉइटला वाग्नरचा 'पार्सिफाल' गंभीरपणे उभा राहिला होता; आपले अण्णासाहेब कृष्णाकडून बलरामाला गोड बोलून फसवीत होते. कथा महाभारतातली, पण भांडण मुलीच्या लग्नावरून घरात जुंपते तसलेच. माझ्या मते अण्णासाहेबांची खरी प्रतिभा इथे आहे. 'शाकुंतला'त कालिदास पाठीशी उभा आहे. 'रामराज्यवियोग' 1884 चे, अपुरेच राहिले. पुढच्या वर्षी, 2 नोव्हेंबर 1885 ला, अण्णासाहेब गेले.

आता एका हळहळीबद्दल. सौभद्रातली पहिली सुभद्रा म्हणजे बडोद्याहून आणलेले भाऊराव कोल्हटकर. 'रामराज्यवियोगा'त तेच मंथरा झाले. ते 1901 च्या फेब्रुवारीत वारले, आणि हिंदुस्थानात ग्रामोफोनचे ध्वनिमुद्रण सुरू झाले ते 1902 च्या अखेरीस. पावणेदोन वर्षांनी चुकामूक झाली. त्यामुळे आज आपल्या कानावर येते ते किर्लोस्करांचे गाणे बालगंधर्वांच्या, छोटा गंधर्वांच्या गळ्यातून आलेले, वाटेत ताना-आलापांनी भरघोस झालेले. त्यालाच मूळ समजून 1882 बद्दल निष्कर्ष काढणे ही या क्षेत्रातली सर्वांत सोपी चूक. पण ते 'बिघडलेले' म्हणून टाकून देणेही तितकेच आडमुठेपणाचे, कारण गायकाने पद वाढवावे याची सोय मूळ बांधणीतच आहे.

तेव्हा सुरुवात 'सौभद्रा'पासून करा. एकच पद निवडा, त्याची वेगवेगळ्या पिढ्यांची ध्वनिमुद्रणे मिळवा, आणि पुस्तक समोर ठेवून ऐका. कुठला गायक कोणत्या शब्दावर रेंगाळतो ते पेन्सिलीने समासात टिपत जा. अशी पाच-सहा पदे झाली की पुढची प्रकरणे वाचायला घ्या. आधी घेतलीत तर माझी मतेच तुमच्या कानात बसतील.

शनिवार पेठ, पुणे