माळ्यावरच्या टेप आणि त्या वाजवणारे यंत्र

पुष्कळ घरांच्या माळ्यावर एक खोके असते. बुटांचे नाहीतर साड्यांचे. त्यात पंचवीस-तीस कॅसेट असतात. दोन-चारांची झाकणे तुटलेली, एखादीच्या पोटातून तपकिरी फीत बाहेर आलेली. शेजारी जुन्या चादरीत गुंडाळलेला टू-इन-वन असतो, आणि त्याच्या बॅटऱ्या आतच राहून गळलेल्या असतात. दिवाळीच्या साफसफाईत हे खोके खाली येते आणि 'असू दे अजून एक वर्ष' म्हणून परत वर जाते. आमच्याकडचे खोके असेच वर-खाली करत होते. एका वर्षी ते खालीच राहिले. आता त्याची तीन कपाटे झाली आहेत. त्यांत स्पूल टेप आहेत, कॅसेट आहेत आणि त्या वाजवणारी नऊ यंत्रे आहेत. चालू स्थितीत चारच.

सगळे संगीत मोबाइलवर मिळत असताना हा पसारा कशाला, असे पाहुणे विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी टेपच्या इतिहासात मागे जावे लागते, कारण घरी यंत्रे आणि टेप जमवणारा माणूस या इतिहासात वारंवार भेटतो.

चुंबकावर आवाज नोंदवण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली ती डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पौलसेन याने, १८९८ मध्ये. त्याने पोलादी तार वापरली. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या यंत्रावर ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याचा आवाज नोंदला गेला आणि तो आजही ऐकता येतो. पण त्या काळी आवाज मोठा करणारे उपकरण नव्हते, त्यामुळे यंत्र मागे पडले. पुढचे पाऊल पडले ते सिगारेटमुळे! ड्रेस्डेनचा फ्रिट्झ फ्लॉयमर सिगारेटच्या टोकाला सोनेरी पट्टी लावण्याच्या कामात होता. धातूची भुकटी कागदाला चिकटवता येते, तर लोखंडाची का नाही, असे त्याला वाटले. १९२८ मध्ये त्याने कागदी फीत तयार केली. पुढे एईजी या कंपनीने यंत्र आणि बीएएसएफने फीत विकसित केली, आणि १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात 'मॅग्नेटोफोन' लोकांसमोर आला. १९ नोव्हेंबर १९३६ रोजी लुडविग्जहाफेन येथे सर टॉमस बीचम यांचा लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंद टेपवर मुद्रित झाला. ते मुद्रण टिकले आहे. वाद्ये ओळखू येतात, पण मागे खरखर बरीच आहे.

ही खरखर गेली ती एका बिघाडामुळे. लोखंडाचे कण कमी चुंबकीय बळाला नीट प्रतिसाद देत नाहीत. ध्वनीचा प्रवाह दुप्पट केला तर चुंबकन दुप्पट होतेच असे नाही, आणि आवाज विकृत होतो. १९४० मध्ये वाल्टर वेबर या तंत्रज्ञाच्या असे लक्षात आले की एका मुद्रणात आवाज अचानक स्वच्छ आला आहे. शोध घेतल्यावर कळले की मुद्रण करणाऱ्या परिपथात दोष निर्माण होऊन कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेचा प्रवाह ध्वनीत मिसळत होता. हा प्रवाह कणांना सतत हलते ठेवतो आणि ते ध्वनीच्या मागे निमूट जातात. पुढच्या काळातल्या बहुतेक सगळ्या टेपरेकॉर्डरमध्ये हा 'दोष' मुद्दाम घातलेला असे.

युद्धकाळात इंग्लंडमध्ये असलेल्या जॅक मलिन या अमेरिकन सैनिकी तंत्रज्ञाला रात्री उशिरा जर्मन रेडिओवर वाद्यवृंद ऐकू यायचे. तबकडीची करकर नाही, सलग वादन, जणू प्रत्यक्ष कार्यक्रमच. मध्यरात्री रोज एवढे वादक कुठून येतात? उत्तर त्याला १९४५ मध्ये फ्रँकफुर्टजवळ बाड नाउहाइम येथील रेडिओ केंद्रात मिळाले. तिथे मॅग्नेटोफोन होते. मलिनने दोन यंत्रे सुटी केली आणि ती व फितीची पन्नास रिळे लहान लहान पार्सले करून घरी पाठवली. घरी जाऊन यंत्रे पुन्हा जोडली. मे १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अभियंत्यांपुढे प्रात्यक्षिक झाले. १९४७ मध्ये गायक बिंग क्रॉस्बी याचा रेडिओ कार्यक्रम याच यंत्रांवर मुद्रित होऊ लागला आणि १९४८ मध्ये अँपेक्स या अमेरिकन कंपनीचे यंत्र बाजारात आले. मलिनने आयुष्यभर जुनी ध्वनियंत्रे जमवली आणि त्याचा संग्रह मिनेसोटातील पावेक संग्रहालयात गेला. अमेरिकेतल्या टेप-उद्योगाला चालना देणारा हा माणूस आमच्याच जातीचा, घरी यंत्रे उघडून बसणारा होता, हे आम्हांला फार आवडते.

आता आपल्या संगीताकडे येऊ. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटे आवाज मावत असे. ख्यालाला तासभर लागतो. अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये वारले, त्यामुळे ते आपल्याला तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांतच भेटतात. तो रागाचा अर्क आहे, पण विस्तार कसा करीत हे अंदाजानेच समजायचे. अल्लादिया खाँ १९४६ मध्ये गेले. त्यांच्या गाण्याची प्रसिद्ध झालेली एकही तबकडी नाही. टेप आली आणि हे गणित बदलले. सात इंची रिळावर सुमारे ३६० मीटर फीत बसते. सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर वेगाने ती एका दिशेला तासाहून थोडी अधिक चालते. म्हणजे बडा ख्याल, छोटा ख्याल आणि मधली तंबोरे जुळवण्याची शांतता, सगळे आले.

म्हणून रसिकांच्या घरी स्पूल टेपरेकॉर्डर आले आणि बैठकी मुद्रित होऊ लागल्या. ही मुद्रणे विकण्यासाठी नव्हती. दिवाणखान्यात सतरंजी, कोपऱ्यात यंत्र, त्याच्याजवळ एक माणूस, ज्याला गाण्यापेक्षा रीळ संपण्याची चिंता अधिक. कंपनीने काढलेली तबकडी हजारो घरांत असते. बैठकीची टेप एकाच घरात असते, फार तर दोघा-तिघांनी उतरवून घेतलेली. 'सगळे मोबाइलवर मिळते' या म्हणण्यातली खोट इथे आहे. कोणीतरी ती टेप वाजवून संगणकात घातली असेल तरच ते गाणे मोबाइलवर येते.

कॅसेट १९६३ची. फिलिप्सच्या बेल्जियममधील हासेल्ट येथील कारखान्यात लू ओटेन्स यांच्या चमूने ती घडवली. आकार ठरवण्यासाठी ओटेन्स यांनी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा करून घेतला होता. तो ठोकळा पुढे मोटारीचे चाक बदलताना जॅकखाली गेला आणि हरवला, असे सांगतात. संग्राहकाच्या काळजात कळ यावी अशी ही गोष्ट, पण ओटेन्स यांना तिचे काही वाटले नसावे. पुढे ते सीडीच्या कामातही होते आणि २०२१ मध्ये वारले तोवर कॅसेटविषयी हळवेपणा त्यांनी कधी दाखवला नाही.

खिशात मावण्याची किंमत मोजावी लागली. कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, म्हणजे १८०० सेकंद. गुणाकार केला तर सुमारे ८६ मीटर फीत निघते. (वर्गात हे करून पाहावे. तुटलेली कॅसेट मैदानात उलगडायला मुले एका पायावर तयार असतात.) आता १०,००० हर्ट्झचा स्वर घ्या. एका कंपनाला फितीवर मिळणारी जागा ४.७६ सेंटिमीटरचा दहाहजारावा भाग, म्हणजे पाच मायक्रॉनहूनही कमी. माणसाच्या केसाच्या जाडीत अशा दहा-पंधरा लहरी बसतील. एवढ्याशा जागेत कण थोडे, म्हणून सुसकारा मोठा. या सुसकाऱ्यावर इलाज काढणारे रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात, चंदीगडला होते. भारतीय संगीत टेपवर मुद्रित करताना सुसकारा त्यांना सतावत असे आणि तो कमी करण्याची कल्पना इथेच त्यांच्या मनात आकाराला आली. हलके, उंच स्वर मुद्रणाच्या वेळी वाढवायचे आणि वाजवताना तेवढेच दाबायचे. दाबताना सुसकाराही दबतो.

आपल्याकडे कॅसेटचा पूर आला तो ऐंशीच्या दशकात. आखातातून परतणाऱ्यांच्या सामानात टू-इन-वन असायचाच. तोवर तबकड्यांचा धंदा मुख्यतः एका मोठ्या कंपनीच्या हाती होता. कॅसेट मात्र लहान गावातला दुकानदारही उतरवून विकू शकत होता. कोळीगीते, भीमगीते, भारुडे, गावच्या देवाच्या आरत्या: ज्यांच्यासाठी कोणी कधी तबकडी काढली नसती अशा आवाजांना बाजार मिळाला. पीटर मॅन्युएल यांचे 'कॅसेट कल्चर' हे १९९३चे पुस्तक उत्तर भारतातल्या याच उलथापालथीवर आहे. चोरट्या नकलाही भरपूर झाल्या, तो भाग वेगळा. या लहान कॅसेटवाल्यांकडे मूळ टेप जपण्याची सोय नव्हती. एखादे गाणे तबकडीवर नाही, सीडीवर आले नाही, तर यात्रेत विकत घेतलेली ती कॅसेट हीच आता त्याची मूळ प्रत.

मोठ्या संस्था तरी जपतातच असे नाही. टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती, हाच तिचा गुण. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत असंख्य कार्यक्रम पुसले. 'डॉक्टर हू' या मालिकेच्या सुमारे शंभर भागांचे चित्र नाहीसे झाले, पण त्या प्रत्येक भागाचा आवाज आहे. का? तर काही प्रेक्षकांनी घरी दूरदर्शन संचासमोर टेपरेकॉर्डर लावून तो टिपून ठेवला होता.

आणि टेप राहिली पण यंत्र गेले तर? १९६६-६७ मध्ये 'लूनर ऑर्बिटर' यानांनी पाठवलेली चंद्राची छायाचित्रे नासाने मोठ्या टेपांवर नोंदवली होती. टेप पुसू न देता त्या सांभाळल्या नॅन्सी इव्हान्स यांनी. पण त्या वाचणारी, फ्रिजएवढाली अँपेक्स यंत्रे कोणालाच नको होती. शेवटी इव्हान्स यांनी ती आपल्या घरच्या गॅरेजमध्ये ठेवली, वर्षानुवर्षे. ती पुन्हा चालू करून २००८ मध्ये चंद्राच्या क्षितिजावरील पृथ्वीचे छायाचित्र पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट मिळवण्यात आले. हे काम नासाच्या आवारातल्या एका बंद पडलेल्या उपाहारगृहात चालले होते. संगीताच्या टेपचीही गत हीच. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने इशारा दिला की २०२५ नंतर टेपवरचा बराचसा ठेवा उतरवणे अशक्य होत जाईल. २०१९ मध्ये युनेस्कोच्या व्यासपीठावरूनही तसाच इशारा आला. ही मुदत उलटून गेली आहे. आज नवे कॅसेट प्लेयर मिळतात, पण बहुतेकांच्या आत एकाच साध्या स्वस्त रचनेच्या नकला असतात. चांगली जुनी यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर हातावर मोजण्याइतके उरले आहेत.

म्हणून आमच्या छंदात ऐकणे थोडे आणि पुसणे-जोडणे फार. रबरी बेल्ट वितळून डांबर झालेला असतो. पिंच रोलर कडक होतो आणि मग फीत 'खातो'. पावसाळ्यानंतर फितीच्या कडांवर पांढरी बुरशी दिसते. आम्ही सुरुवातीला एक बुरशीची कॅसेट उत्साहाने तशीच लावली. ती बुरशी हेडवर बसली आणि पाठोपाठ लावलेल्या चांगल्या कॅसेटलाही लागली. त्यात आमच्या काकूंनी म्हटलेली जात्यावरची गाणी होती. आता संशयित टेप आधी वेगळी काढतो, कोरडी करतो, हाताने उलगडून मऊ कापडाने पुसतो आणि मगच यंत्राजवळ नेतो. जुन्या टेपला शिरक्याचा वास आला तर फितीचा ॲसिटेट कुजू लागला असे समजावे आणि ती सर्वांत आधी उतरवून घ्यावी.

सगळ्यांत नाजूक काम हेडचे. हेडमध्ये एक अतिसूक्ष्म फट असते आणि ती फितीच्या दिशेला बरोबर काटकोनात हवी. मोनो कॅसेटवरील ध्वनीची पट्टी सुमारे दीड मिलिमीटर रुंद असते. फट इतकी कलली की तिच्या दोन टोकांत पाच मायक्रॉनचे अंतर पडले, तर १०,००० हर्ट्झचा स्वर स्वतःलाच खोडून टाकतो. हा कल किती? अकरावीच्या विद्यार्थ्याने काढून पाहावा. पाव अंशाहूनही कमी येतो. म्हणून एका यंत्रावर मुद्रित केलेली टेप दुसऱ्यावर कांबळ्यातून आल्यासारखी घुसमटते, आणि लोक टेप खराब झाली म्हणून फेकून देतात. हेडशेजारी एक लहानसा स्क्रू असतो. टेप चालू ठेवून तो अगदी जरासा फिरवायचा आणि कान देऊन ऐकायचे.

मागच्या उन्हाळ्यात आम्हांला एका वाड्याच्या आवराआवरीत सापडलेली कॅसेट मिळाली. वर फक्त 'मंगळवार, रात्र' एवढेच लिहिलेले. आधी नुसता गुरगुराट ऐकू आला. स्क्रू पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवल्यावर तबल्याची चाट खणखणीत लागली, तंबोऱ्यांची जवारी उघडली आणि कोणी बाई यमन गाताना ऐकू आल्या. मध्येच थांबून त्या म्हणतात, "पेटी जरा लांब ठेवा." मागे घड्याळाचे अकरा ठोके पडतात. गायिका कोण, हे जाणकार म्हणवणाऱ्या चौघांना ऐकवून झाले. चौघांनी चार नावे सांगितली.